बैठकीचं इतिवृत्त यंत्राने लिहिलं, पण 'ठरलं' हे कोणी ठरवलं?

खुर्चीमागचा

गेले काही महिने आमच्या बैठकांचं इतिवृत्त एक सॉफ्टवेअर लिहितं. बैठक सुरू झाली की ध्वनिमुद्रण चालू करायचं, संपली की चहा संपायच्या आत सगळ्यांच्या मेलमध्ये दीड पानाचा सारांश हजर. वर विषय, मग चर्चेचे मुद्दे, मग निर्णय, शेवटी कोणी काय करायचं. भाषा गुळगुळीत, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. पूर्वी हे काम ज्याच्या गळ्यात पडायचं तो (बहुतेकदा मीच) खूश आहे.

तरी धागा काढतोय, कारण खालचा तुकडा बघा. नावं काढली आहेत, बाकी संवाद जवळपास असाच.

अ: मग एकवीसला सोडायची का नवीन आवृत्ती?
ब: एकवीस जरा कठीण आहे.
क: चाचणी वेळेत आटपली तर होईल की.
अ: बरं, बघू मग. तू एकदा ग्राहकाशी बोलून घे.
ब: हं.

सारांशात काय आलं? "नवीन आवृत्ती २१ तारखेला प्रसिद्ध करण्याचे ठरले. याबाबत ब हे ग्राहकाशी चर्चा करतील."

खोलीत असलेल्या कोणालाही विचारा, २१ तारीख ठरलेली नव्हती. क ची अट सारांशात कुठेच नाही. 'तू बोलून घे' हे अ ने क कडे बघून म्हटलं होतं आणि ब चं 'हं' हा नुसता हुंकार होता. पाच ओळींच्या संवादात तीन गोष्टी हुकल्या, आणि वाचताना एकही खटकत नाही. जो बैठकीला नव्हता त्याने हेच खरं मानलं असतं.

लांब बोलणं आखूड करायचं काम यंत्राला जमतंय, त्याबद्दल वाद नाही. पण इतिवृत्तावर उद्या कोणीतरी बोट ठेवून विचारणार असतो, 'हे तू करायचं होतंस ना?' जाणकारांनी दोन गोष्टींवर प्रकाश टाकावा. ही चूक नेमकी होते कुठे? आणि सगळं ध्वनिमुद्रण पुन्हा न ऐकता ती पकडायची कशी?

पुढच्या बाकावरचा

वाचतोय. आमच्या सारांशात प्रत्येक वेळी 'सर्वांनी सहमती दर्शवली' असतं. एवढी सहमती आमच्याकडे आजवर एकदाही झालेली नाही.

तारयंत्र

याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चूक एका जागी होत नाही. तीन टप्प्यांवर थोडी थोडी होते आणि शेवटच्या टप्प्यावर इस्त्री होऊन बाहेर पडते. म्हणून ती दिसत नाही.

पहिला टप्पा आवाजाचं लिखाण करण्याचा. याची अचूकता मोजायची रूढ पद्धत अशी: बदललेले, गाळलेले आणि घुसडलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचं. या मापात सगळे शब्द सारख्याच वजनाचे. 'करू ना' चं 'करू नका' झालं तरी शंभर शब्दांत एक चूक, म्हणजे १ टक्का. कागदावर झकास निकाल, बैठकीत उलटा निर्णय.

दुसरा टप्पा कोण बोललं ते ओळखण्याचा. ध्वनिमुद्रणाचे छोटे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाचा आकड्यांच्या स्वरूपात ठसा काढतात आणि सारख्या ठशांचे गट पाडतात. एक गट म्हणजे एक माणूस. किती माणसं आहेत हेही बहुतेक वेळा यंत्राला आधी माहीत नसतं. तुकडा दोन-तीन सेकंदांचा असला तर ठसा बरा उमटतो. 'हो', 'हं', 'चालेल' हे अर्ध्या सेकंदाचे मामले, तेही बऱ्याचदा दुसऱ्याच्या बोलण्यावर चढलेले. आता बैठकीत होकार कसा दिला जातो ते आठवा. त्याच अर्ध्या सेकंदात! लांबण लावणाऱ्याचं नाव यंत्र बरोबर टाकतं आणि होकार देणाऱ्याचं चुकवतं. ऑनलाइन बैठकीत प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो, तिथे हा घोळ बराच कमी. पण पाच जण एका लॅपटॉपभोवती बसले की अनेकदा सगळं बोलणं लॅपटॉपवाल्याच्या नावावर जमा होतं.

तिसरा टप्पा सारांशाचा, आणि इथे थोडा इतिहास सांगायला हवा. ही विद्या लिखित मजकुरावर वाढलेली आहे. १९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी लेखात वारंवार येणारे शब्द मोजायचे आणि ते जिथे दाटीने येतात ती वाक्यं उचलायची, अशी पद्धत मांडली. पुढे बातम्यांवर भरपूर काम झालं. तिथे पहिली तीन वाक्यं जशीच्या तशी उचलली तरी चांगल्या चांगल्या पद्धतींना घाम फुटायचा, कारण बातमीदार महत्त्वाचं आधी लिहितो. बैठकीत सगळं उलटं असतं. ज्यावर चाळीस मिनिटं भांडण होतं तो विषय पुढे ढकलला जातो, आणि खरा निर्णय लोक खुर्च्या सरकवायला लागल्यावर दहा सेकंदांत होतो. शब्द मोजणाऱ्याला भांडण दिसतं, निर्णय दिसत नाही.

आजची मोठी भाषाप्रारूपं (लार्ज लँग्वेज मॉडेल्स, चॅटजीपीटीच्या मागे असतात तशी) असे शब्द मोजत बसत नाहीत हे खरं. पण त्यांची खोड वेगळी. साच्यात 'निर्णय' असा रकाना असेल तर तो रिकामा सोडणं त्यांच्या जिवावर येतं. धागाकर्त्याच्या उदाहरणात २१ ही तारीख आली, होकारासारखं काहीतरी आलं, एक काम सोपवलं गेलं. झाला निर्णय तयार!

ठरावबुक

निवृत्त आहे. नोकरीभर सभांची इतिवृत्तं लिहिली, तेव्हा या विषयावर न बोलणं अशक्य.

१८७६ साली अमेरिकी लष्करातले एक अभियंता अधिकारी हेन्री रॉबर्ट यांनी सभेच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. ती परंपरा सांगते की इतिवृत्तात मुख्यतः सभेने काय केलं ते यावं, सभासद काय बोलले ते नव्हे. मलाही वरिष्ठांनी हेच शिकवलं होतं, पुस्तकाचं नाव न घेता. विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, मंजूर की नामंजूर. बाकी वाफ.

मला दाखवले गेलेले यंत्राचे सारांश बरोब्बर वाफेने भरलेले असतात. 'अमुक यांनी चिंता व्यक्त केली, तमुक यांनी महत्त्व अधोरेखित केले.' अहो, चिंता सगळेच व्यक्त करतात. मत नोंदवायचं असेल तर सभासद स्वतःच सांगतो की माझा विरोध नोंदवून घ्या, आणि ते अक्षरशः नोंदवलं जातं.

दुसरी गोष्ट. इतिवृत्त सभा संपल्यावर पूर्ण होतं ही समजूत चुकीची. ते तेव्हा कच्चं असतं. पुढच्या सभेचा पहिला विषय काय असतो? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' लोक या विषयाला जांभया देतात, पण खरी तपासणी तिथे होते. आता सारांश लगेच सगळ्यांच्या मेलमध्ये जाऊन पडतो आणि न वाचताच कायम होतो. माझी हरकत यंत्राने लिहिण्याला नाही, ती या न वाचता कायम होण्याला आहे.

एकपानी

ठरावबुक काका, आदर राखून असहमत. तुम्ही सर्वसाधारण सभेबद्दल बोलताय. माझ्या दिवसात पाच बैठका असतात, त्यातल्या चारांचं इतिवृत्त यापूर्वी कोणीच लिहीत नव्हतं. तिथे सूचक-अनुमोदक नाहीत, ठराव नाहीत. यंत्राचा सारांश नसेल तर काहीच नसतं. वाफ तर वाफ, निदान कुठला विषय निघाला होता ते शोधता येतं.

आणि माणसाने लिहिलेलं इतिवृत्त जणू गंगाजल असतं, असं का बोलतोय आपण? लिहिणारा स्वतःच्या बाजूने वळवून लिहितो. साहेबांचं वाक्य आधी, शिकाऊ मुलीची सूचना गायब. कमीत कमी यंत्राला कोणाशी हिशेब चुकते करायचे नाहीत.

खुर्चीमागचा

@एकपानी, चार बैठकांपुरतं मान्य. माझा प्रश्न पाचवीचा आहे.

तारयंत्र

एकपानींचा मुद्दा संशोधकांनाही पटलेला आहे. सगळ्यांसाठी एकच सारांश हा हट्टच सोडावा, असं मानणारा एक प्रवाह आहे. २०२१ साली क्यूएमसम नावाचा संग्रह आला. त्यात २३२ बैठका आणि त्यांवर विचारलेले १,८०८ प्रश्न, प्रत्येकाचं सारांशरूप उत्तर. 'या बैठकीत काय झालं' याऐवजी 'खर्चाबद्दल अमक्याचं म्हणणं काय होतं' असं विचारायचं. मला हे जास्त पटतं. जो विचारतो त्याला काय हवंय ते माहीत असतं.

त्या २३२ पैकी बऱ्याच बैठका दोन जुन्या संग्रहांतून घेतल्या आहेत. एक बर्कलीच्या आयसीएसआय संस्थेचा. त्यांनी स्वतःच्याच ७५ बैठका मुद्रित केल्या, सुमारे ७२ तास. दुसरा युरोपातल्या एएमआय प्रकल्पाचा, साधारण १०० तासांचा. त्यातल्या बहुतेक बैठका घडवून आणलेल्या: चौघांना भूमिका वाटून दिल्या आणि टीव्हीचा रिमोट डिझाइन करायला सांगितला. एक प्रकल्पप्रमुख, एक विपणनवाला, दोन डिझायनर. यंत्राला बैठक समजावी म्हणून वीस वर्षं लोक रिमोटवरच्या या गप्पा दळताहेत. जगातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला रिमोट बहुधा हाच असेल.

पण थट्टा बाजूला. त्या लोकांनी प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोफोन लावला, टेबलावर आणखी मायक्रोफोन ठेवले आणि कॅमेरेही लावले. काही बैठकांत कोण कोणाकडे बघतंय याच्याही नोंदी केल्या. धागाकर्त्याला छळणारा 'तू' कोण, हा प्रश्न त्यांना तेव्हाच दिसला होता. सारांशाचेही त्यांनी चार भाग केले: एकूण गोषवारा, निर्णय, अडचणी आणि कामं. आज तुमच्या मेलमध्ये जो साचा येतो तो काही आभाळातून पडलेला नाही. फरक इतकाच की आपल्या सॉफ्टवेअरला कोण कोणाकडे बघतंय ते दिसत नाही, कानावर पडेल तेवढंच त्याचं जग.

शंकासुर

माझी शंका वेगळी. आमच्या एका चर्चेत एक जण म्हणाला, 'हे लिहून घेऊ नका, आपल्या आपल्यात सांगतो.' सारांशात ते वाक्य आलं, त्याने जे सांगितलं तेही आलं, आणि वर 'ही माहिती नोंदवू नये असे त्यांनी सुचवले' हेही आलं! हसून हसून पुरेवाट झाली, पण त्या माणसाचं तोंड उतरलं होतं.

माणूस इतिवृत्त लिहितो तेव्हा पेन खाली ठेवतो आणि ते सगळ्यांना दिसतं. यंत्राने पेन खाली ठेवलंय हे कसं कळणार? शिवाय ध्वनिमुद्रण किती काळ राहतं, कोणाकडे राहतं? बैठकीच्या सुरुवातीला 'मुद्रण चालू आहे, चालेल ना?' असं विचारतात, पण साहेबाने विचारल्यावर नाही कोण म्हणणार?

ठरावबुक

शंकासुर, इतिवृत्त कायम झालं की ध्वनिमुद्रण पुसावं. माझं स्पष्ट मत. दोन पुरावे ठेवले की दोन भांडणं होतात.

तारयंत्र

इथे माझं मत बरोबर उलट. यंत्राने लिहिलेलं असेल तर मूळ आवाज काही काळ तरी हवाच, नाहीतर चूक सिद्ध कशाने करणार? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आवाजाचं लिखाण करणाऱ्या व्हिस्पर या लोकप्रिय प्रारूपाने लिहिलेल्या तुकड्यांपैकी सुमारे १ टक्का तुकड्यांत मूळ आवाजात नसलेली वाक्यं किंवा वाक्यांश सापडले. चुकीचे ऐकलेले नव्हेत, न बोललेले. त्यातही ज्यांच्या बोलण्यात आवाजाविना जाणारा वेळ जास्त, त्यांच्या तुकड्यांत हे जास्त झालं. म्हणजे जो थांबत थांबत, विचार करून बोलतो त्याच्या तोंडी यंत्र शब्द घालण्याची शक्यता अधिक. असा तुकडा वाक्य म्हणून नीट असतो, त्यामुळे नुसतं वाचून कळत नाही. ऐकावंच लागतं.

डावा कान

आतापर्यंत सगळ्यांनी ऐकू येणाऱ्यांच्या बाजूने लिहिलं, म्हणून थोडं वेगळं.

मला एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने बेताचं. दोघं एकदम बोलले की माझ्यासाठी बैठक तिथेच संपते. पूर्वी शेजारच्याला कोपर मारून विचारावं लागायचं, 'काय म्हणाला?' आणि उत्तर यायचं, 'काही विशेष नाही.' आता समोर अक्षरं उमटतात. चुका असतात, पण निदान विषय बदलला हे मला इतरांबरोबरच कळतं आणि मी मधेच बोलू शकते. तो 'काही विशेष नाही' हा सारांश माणसाने केलेला होता, हे लक्षात असू द्या.

मला नंतर येणाऱ्या सारांशाचं फारसं कौतुक नाही. चालू लिखाण पाहिजे, आणि ते पुसू नये असं वाटतं. ठरावबुक, तुमच्यासाठी तो दुसरा पुरावा असेल, माझ्यासाठी बैठक तीच आहे.

ठरावबुक

या बाजूने विचार केला नव्हता. लिखाण ठेवावं. आवाजाबद्दल माझं मत कायम.

पुढच्या बाकावरचा

एक बाळबोध प्रश्न. हे सारांश चांगले की वाईट हे संशोधक ठरवतात कसं? तिथे काही गुण बिण देतात का?

तारयंत्र

देतात, आणि तिथेच मोठी मेख आहे. २००४ पासून रूज नावाचं माप सर्रास वापरलं जातं. माणसाने लिहिलेला एक नमुना सारांश घ्यायचा आणि यंत्राच्या सारांशातले किती शब्द, किती शब्दजोड्या त्याच्याशी जुळतात ते मोजायचं. '२१ तारखेला प्रसिद्ध करण्याचे ठरले' आणि '२१ तारखेला प्रसिद्ध करण्याचे ठरले नाही' यांत एका शब्दाचा फरक, त्यामुळे गुण जवळपास सारखे. अर्थाची जवळीक मोजणारी मापं नंतर आली, तरी नकार त्यांनाही दगा देतो.

शिवाय नमुना सारांश कोणाचा धरायचा? प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चेक आणि इंग्रजी बैठकांचा संग्रह केला, त्यात काही बैठकांची एकाहून अधिक माणसांनी लिहिलेली इतिवृत्तं आहेत. ती शेजारी ठेवून वाचली तर एकाने जे पहिल्या ओळीत घेतलं ते दुसऱ्याने घेतलेलंच नाही असं दिसतं. माणसांचंच एकमत नाही तिथे यंत्राला कशाच्या जवळ जायला सांगायचं?

एकपानी

म्हणजे शेवटी माझंच खरं, की थोडं इकडे तिकडे चालायचंच.

तारयंत्र

मुद्द्यांची निवड इकडे तिकडे झाली तर चालेल. ठरलं की नाही ठरलं, हे इकडे तिकडे झालेलं कसं चालेल?

खुर्चीमागचा

चर्चेतून डोक्यात आलं ते आमच्या सॉफ्टवेअरवर करून पाहिलं. त्यात स्वतःच्या सूचना लिहायची सोय आहे. मी लिहिलं: निर्णय कोणी स्पष्ट शब्दांत बोलून दाखवला नसेल तर 'निर्णय नाही' असं लिही. अट असेल तर अटीसकट लिही. प्रत्येक निर्णयासमोर आणि कामासमोर ध्वनिमुद्रणातली वेळ आणि बोललेलं मूळ वाक्य जसंच्या तसं दे.

पहिल्या बैठकीत निर्णयांचा रकाना एकदम रोडावला. दोनच उरले आणि दोन्ही खरे होते. वेळ दिलेली असल्यामुळे तेवढीच जागा ऐकून खात्री करता आली, सगळं ऐकायची गरज पडली नाही. वरचा २१ तारखेचा तुकडा मुद्दाम पुन्हा घातला तर उत्तर आलं: 'तारखेबाबत निर्णय नाही, चाचणी वेळेत पूर्ण झाल्यास २१ शक्य, असे मत.' ग्राहकाशी बोलायचं काम मात्र अजूनही ब च्याच गळ्यात.

तारयंत्र

उत्तम केलंत. दोन सावधगिरी. एक, मूळ वाक्य म्हणून दिलेलंही कधी कधी यंत्राने सफाई करून दिलेलं असतं, तेव्हा समोर दिलेल्या वेळेच्या आकड्यावर क्लिक करून ऐकाच. दुसरी जास्त महत्त्वाची. जे लिहिलंय ते खरं आहे का हे तुम्ही तपासताय. जे लिहायचं राहून गेलं ते या पद्धतीने सापडत नाही, कारण त्याच्यासमोर वेळच नसते. २०२३ साली एका अभ्यासाने दाखवलं की लांब मजकूर दिला की प्रारूपं सुरुवातीचं आणि शेवटचं नीट वापरतात, मधलं निसटतं. तासाभराच्या बैठकीचे सात-आठ हजार शब्द सहज होतात. आजची प्रारूपं त्या वेळेपेक्षा सुधारली आहेत, तरी बैठकीच्या मध्यावर झालेला छोटा निर्णय गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ठरावबुक

त्यावर आमच्याकडे जुना उपाय आहे. कार्यसूची! यंत्राला आधी विषयपत्रिका द्या आणि सांगा, प्रत्येक विषयासमोर काहीतरी लिहायचंच: मंजूर, नामंजूर, पुढे ढकलला किंवा चर्चाच झाली नाही. मधला विषय गळला तर रिकामी ओळ दिसेल.

आणि अध्यक्षाने प्रत्येक विषय संपताना एक वाक्य मोठ्याने बोलावं, 'तर असं ठरलं, अमुक हे तमुक तारखेपर्यंत अमुक करतील.' नाव घेऊन. तू नाही, तो नाही. ग्राहकाशी कोणी बोलायचं हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

शंकासुर

एवढं बोलणारा अध्यक्ष मिळाला तर यंत्र कशाला हवं?

ठरावबुक

अध्यक्षाला बोलतं करायला. मुद्रण चालू आहे म्हटल्यावर माणूस जरा नीट बोलतो, हे मी टेपरेकॉर्डरच्या काळापासून बघतोय.

डावा कान

अध्यक्षांचं ते एक वाक्य मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडेल. +१

खुर्चीमागचा

कार्यसूची देऊन पाहतो. पण आमचे निम्मे निर्णय 'ऐनवेळचे विषय' या सदरात होतात. त्यांची ओळ आधी कुठून आणणार?

तारयंत्र

उलटीकडून जा. लिखाणाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा, जोडावर थोडा मजकूर दोन्हीकडे येऊ द्या, म्हणजे जोडावरचा निर्णय कापला जाणार नाही. प्रत्येक तुकडा कार्यसूचीतल्या कुठल्या विषयाचा ते यंत्राला विचारा. जे तुकडे कशातच बसत नाहीत ते ऐनवेळचे. तेवढे मात्र स्वतः वाचा. शेवटची दहा मिनिटंही वाचा, ती कुठेही बसली असली तरी.